ठोकळ्याचं अक्षर

पत्रातली शिरोरेषा आधी ओढलेली होती आणि अक्षरं तिच्यावर मागाहून टांगलेली होती. हे ओळखायला फार हुशारी लागत नाही, भिंग लागतं. उभी रेघ जिथे शिरोरेषेला भेटते तिथे शाईचा बारीक ठिपका साचतो, आणि इथे तो सगळीकडे वरच्या रेघेवर चढलेला होता. शिवाय लिहिणाऱ्याने शब्द किती लांब होईल याचा अंदाज बांधून रेघ ओढली होती आणि प्रत्येक वेळी अंदाज थोडा जास्तच धरला होता. त्यामुळे शेवटच्या अक्षरानंतरही रेघ रिकामीच पुढे गेलेली, कुठे तीन मिलिमीटर, कुठे पाच. पत्रात एकंदर सोळा शब्द होते. वहिनीने सोळाही शेपट्या मोजल्या होत्या. सरासरी चार मिलिमीटर.

पत्र चौतीस वर्षांपूर्वीचं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘मला कधीच खात्री नसते. म्हणून मी तीनदा मोजतो. मग सांगून टाकतो. तूही मोजत राहा. तुझा, ठोकळ्या.’

ठोकळ्या हा यंत्रमानव होता. अंतराळातल्या एका वेधशाळेवर राहायचा, दर आठवड्याला अर्धा तास दूरदर्शनवर यायचा आणि वहिनी अकरा वर्षांची असताना जगातला सगळ्यात भरवशाचा प्राणी होता. त्याला तोंड नव्हतं. डोक्याच्या जागी पत्र्याचा चौकोन आणि त्यात एक पिवळा दिवा. कुठलीही वस्तू समोर आली की तो ती तीनदा मोजायचा, हात वर करायचा आणि भारदस्त आवाजात आकडा सांगायचा. त्याचा आकडा कधी चुकला नाही. ‘तुला इतकी खात्री कशी असते?’ असं वहिनीने त्याला पत्र लिहून विचारलं होतं आणि दीड महिन्याने हे उत्तर आलं होतं.

आज ते पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, पाकीट वहीत घालून, वही पिशवीत घालून ती एका प्रचंड दालनात रांगेत उभी होती. जुन्या मालिकांच्या चाहत्यांचा मेळावा होता. सिमेंटच्या जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून रांगा आखल्या होत्या. भिंतीकडेने टेबलं आणि प्रत्येक टेबलामागे एकेक नट किंवा नटी. हिरव्या पट्टीच्या टोकाला ठोकळ्याचा आवाज बसला होता. आवाजवाले म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. वहिनीच्या हातात दोनशे बारा क्रमांकाचं टोकन होतं.

“एकशे नव्वद झाले, एकशे नव्वद,” मागून नणंद म्हणाली.

ही नणंद बसमध्ये कंडक्टर होती. दोनदा घंटा मारायची सवय जिभेलाही लागली होती, म्हणून घरात तिला ‘डबल’ म्हणत. वहिनी एकटी गेली तर रांगेत सगळ्यांना पुढे सोडून शेवटी रिकाम्या हाताने घरी येईल, अशी दादाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, खात्री होती, आणि त्याने स्वतःच्या बहिणीला सोबत धाडलं होतं.

“वहिनी, पुढे सरक. त्या खोकेवाल्याने मगाशी तुझ्या पुढे पाय टाकलाय. मी बघितलंय.”

पुढे उभ्या असलेल्या धिप्पाड गृहस्थाने अंगात पुठ्ठ्याचं खोकं घातलं होतं, चंदेरी रंग दिलेलं. त्याने वळायचा प्रयत्न केला, पण खोकं वळेना.

“बाई, माझं टोकन दोनशे अकरा आहे.”

“मग ठीक, मग ठीक. पण खोक्याचं वेगळं तिकीट काढलंय ना? दोन सिटांची जागा घेतलीय.”

आजूबाजूचे हसले. खोकेवालाही हसला. वहिनीने पिशवी छातीशी धरली आणि फोन पाहिला. दुपारचे साडेतीन. तिच्या कचेरीतल्या साहेबांचा फोन आलेला नव्हता; येणारही नव्हता. “रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तू मला फोन कर,” असं ते म्हणाले होते, “आणि हो किंवा नाही, एवढंच सांग. विचार करतेय असं आता ऐकणार नाही. सहा वर्षं ऐकलंय.”

वहिनी तापमापक तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दवाखान्यांतले, औषधांच्या कारखान्यांतले, लशींच्या शीतपेट्यांतले तापमापक तिच्या टेबलावर येत. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, उकळीला कुठे जातो, मधे किती चुकतो, हे ती पाहायची. नियमाप्रमाणे तीन वाचनं घ्यायची, तक्त्यात भरायची, आणि मग त्या दाखल्यावर साहेब सही करायचे. चोवीस वर्षं ती मोजत होती आणि साहेब सही करत होते. महिनाअखेरीला साहेब निवृत्त होणार होते. सहीचा अधिकार तिला द्यावा, असा कागद त्यांनी सहा वर्षांपूर्वीच तयार केला होता. त्यावर फक्त तिचा होकार हवा होता. उद्या सोमवारी तो कागद गेला नाही, तर अधिकार मुख्यालयातल्या एका अधिकाऱ्याकडे जाणार होता. तापमापक इथे राहणार, मोजणार वहिनीच, आणि सही करणारा माणूस त्यांतला एकही तापमापक डोळ्यांनी न बघता तीनशे किलोमीटरवर बसून करणार.

हे बरोबर नाही, हे वहिनीला कळत होतं. तरी तिच्या तोंडून हो निघत नव्हतं.

कारण तक्त्यात ती तीन वाचनं भरायची, पण तिच्या खासगी वहीत सात असायची, कधी नऊ. तिसऱ्यानंतर तिला वाटायचं, बर्फ नीट कुटला होता का? डोळा नेमका पाऱ्याच्या रेषेत होता का? ती पुन्हा मोजायची. आकडा तोच यायचा. तरी पुन्हा. चोवीस वर्षांत तिची चौथ्यापासून पुढची वाचनं पहिल्या तिनांपेक्षा वेगळी आली असं फक्त एकदा घडलं होतं, आणि तेव्हाही चूक चौथ्याचीच निघाली होती. हे सगळं वहीत लिहिलेलं होतं. तरीसुद्धा, सही म्हणजे आता मी पुन्हा मोजणार नाही असं लिहून देणं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. कुठल्यातरी गावात कुणीतरी तिच्या शब्दावर शीतपेटीचं दार लावून घेणार. विचार केला की तिच्या हातांना घाम सुटायचा.

“तू ह्यांना विचारणार काय आहेस?” डबल म्हणाली. “दोनशे लोकांत उभी आहेस म्हणजे काहीतरी असेलच.”

“तीनदाच का, ते.”

“तीनदाच का काय?”

“तो तीनदाच का मोजायचा? दोनदा का नाही, पाचदा का नाही.”

डबलने कपाळावर हात मारला. “अगं, लोक इथे लग्नाच्या पत्रिकेवर सह्या घेतायत, कुणी दंडावर घेतायत, आणि तू त्या म्हाताऱ्या माणसाला गणित घालणार?”

“तू बघायचीस का गं ठोकळ्या?”

“बघायचे म्हणजे? कप्तान गेला तो भाग आठवतोय का? मी तीन दिवस जेवले नव्हते. तीन दिवस.”

तो भाग कोण विसरेल. वेधशाळेचा कप्तान मरतो आणि ठोकळ्या त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे बसतो. बसतो, एवढंच. पत्र्याचा चौकोन, त्याला ना डोळे ना ओठ. पण एक खांदा हळूहळू खाली आला, फार तर दोन बोटं, आणि घराघरांतली पोरं रडायला लागली. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

“काय माणूस असेल,” डबल पुढे वाकून टेबलाकडे बघत म्हणाली. “नुसत्या आवाजात एवढं आणायचं.”

वहिनीने मान डोलावली. मग तिच्या मनात काहीतरी अडकलं, चपलेत खडा जावा तसं. त्या प्रसंगात आवाज नव्हताच. ठोकळ्या त्यात एक अक्षरही बोलला नव्हता. पण तेवढ्यात रांग चार पावलं सरकली आणि डबलने पाठीवर हात ठेवून तिला पुढे नेलं.

टेबल जवळ आलं तसं तिथलं काम दिसू लागलं, आणि काम नीट चाललेलं बघणं हा वहिनीचा आवडता उद्योग. आवाजवाले पंचाहत्तरीचे, उंच, पांढऱ्याशुभ्र केसांचे. प्रत्येकाशी बोलताना हातातलं पेन खाली ठेवत, म्हणजे समोरच्याला घाईत असल्यासारखं वाटू नये. त्यांच्या डाव्या हाताला एका उंच स्टुलावर एक अगदी ठेंगण्या बाई बसल्या होत्या, सत्तरीच्या, करड्या स्वेटरमधल्या. त्या आलेल्याला नाव विचारत, पिवळ्या चिकटचिठ्ठीवर ते लिहीत, चिठ्ठी फोटोच्या कोपऱ्याला लावत आणि फोटो पुढे सरकवत. मग आवाजवाल्यांना नाव दोनदा विचारावं लागत नसे. गडद फोटोला चंदेरी पेन, फिक्याला काळं. चंदेरी पेन आधी हलवायचं, एका कागदावर टेकवून शाई उतरवायची, मग द्यायचं. सही झाली की फोटो आडवा धरून वाळेपर्यंत थांबायचं. एकही हालचाल फुकट नव्हती. दोन माणसांमधून एक पेन इकडून तिकडे जात होतं, आणि कुणी कुणाकडे बघतही नव्हतं.

“ती बाई चांगली आहे कामाला,” डबल कुजबुजली. “माझ्या बसवर हवी होती.”

खोकेवाल्याचा नंबर आला. त्याने खोक्याच्या छातीवरच सही मागितली. आवाजवाले उभे राहिले, त्याच्या छातीवर हात ठेवून मालिकेतल्या आवाजात म्हणाले, “रुंदी एकशे चार सेंटिमीटर. आहार कमी करावा.” सगळी रांग टाळ्या वाजवायला लागली. खोकेवाला डोळे पुसत गेला. इतक्या वर्षांनी तो आवाज अजून तसाच होता, खोल, सावकाश, तळाशी थोडीशी खरखर असलेला.

“नाव?” ठेंगण्या बाईंनी विचारलं.

वहिनीने सांगितलं. बाईंनी लिहिलं, चिठ्ठी लावली, फोटो सरकवला. वहिनीचं लक्ष आवाजवाल्यांकडे होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बोला.”

“मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं,” वहिनी म्हणाली. “अकरा वर्षांची असताना. तुमचं उत्तर आलं होतं. त्या उत्तरामुळे मी आज जे काम करते ते करते. तापमापक तपासते.”

“वा,” ते म्हणाले, आणि खरोखर खूश होऊन म्हणाले. “म्हणजे आम्ही ताप नुसता दिला नाही, मोजायलाही शिकवला.”

डबल मोठ्याने हसली. वहिनीही हसली. त्यांनी पेन उचललं आणि फोटोवर तिचं नाव लिहून खाली झोकात सही केली.

वहिनीने सही पाहिली आणि तिचं हसू जागीच थांबलं.

ते शिरोरेषा देतच नव्हते. सगळी अक्षरं उघडी, बोडकी, उजवीकडे झुकलेली, एकमेकांत गुंतलेली. माणसाचं अक्षर वयानुसार बदलतं, थरथरतं, लहान होतं. पण आधी रेघ ओढणारा हात असं लिहायला लागत नाही. तिने पिशवीतून पाकीट काढलं, फोटोशेजारी ठेवलं. खात्री करून घ्यायची गरज नव्हती, तरी एकदा पाहिलं, मग पुन्हा.

“हे तुमचं अक्षर नाही,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की डबलने विचारलं, “काय? काय म्हणालीस?”

चौतीस वर्षं तिने एका अनोळखी माणसाचे आभार मनात साठवले होते. मालिकेच्या कचेरीतल्या कुणा कारकुनाने उरकलेलं पत्र असणार. काय हरकत आहे, ती स्वतःला म्हणाली. सोळा शब्द तर आहेत. ती पाकीट उचलायला लागली.

तेवढ्यात आवाजवाल्यांनी सवयीप्रमाणे फोटोवरची पिवळी चिठ्ठी सोलली आणि टेबलाच्या कडेला बाकीच्या चिठ्ठ्यांच्या ओळीत लावली. वहिनीची नजर तिच्यावर गेली. तिचंच नाव होतं. नावावरची रेघ शेवटच्या अक्षरापाशी थांबली नव्हती. पुढे गेली होती, रिकामीच. चार मिलिमीटर.

तिने शेजारची चिठ्ठी पाहिली. खोकेवाल्याची. तिच्या शेजारची. सगळ्यांच्या डोक्यावर ती रेघ आणि पुढे ती शेपटी.

वहिनीने मान वळवून स्टुलावरच्या बाईंकडे पाहिलं. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. उंची फार तर चार फूट आठ इंच. बसताना त्यांचा डावा खांदा किंचित खाली होता. फार तर दोन बोटं.

“तुम्ही आत होतात,” वहिनी म्हणाली.

बाईंच्या हातातलं चंदेरी पेन हलायचं थांबलं. आवाजवाले खुर्चीत मागे टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू दोनशे बारा सह्या ह्याचसाठी केल्या.

“अखेर,” ते म्हणाले. “अहो, मी किती मेळावे झाले ह्यांना म्हणतोय, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. मी महिन्यातून एक दिवस जायचो, खोलीत बसून वाचायचो आणि घरी जायचो. चालायच्या ह्या. बसायच्या ह्या. कप्तान गेला त्या दिवशी मी गावातसुद्धा नव्हतो.”

“तीन दिवस,” डबल हताशपणे म्हणाली. “मी तीन दिवस जेवले नव्हते, ते ह्यांच्यामुळे?”

“काहीतरीच,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. त्यांनी पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, मग जवळ. “हं. माझंच. पोशाख चढवायला चाळीस मिनिटं लागायची आणि उतरवायला तेवढीच. मधल्या वेळात काढून उपयोग नाही. मग डोकं आणि हातमोजे तेवढे काढायचे आणि पोत्यातली पत्रं घ्यायची. मांडीवर पत्रा. कागद घसरायचा, ओळ वाकडी जायची. म्हणून आधी दोरी बांधायची आणि मग अक्षरं वाळत घालायची. सवय राहिली ती राहिली.”

“किती पत्रं लिहिलीत?”

“मोजली नाहीत,” बाई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. “ठोकळ्याने मोजायला हवी होती.”

मागून कुणीतरी “किती वेळ?” म्हणून ओरडलं. डबल गर्रकन वळली. “थांबा, थांबा. पुढची गाडी रिकामी येतेय, हवं तर त्यात जा. इथे महत्त्वाचं काम चाललंय.” मग वळून, “वहिनी, विचार ना तुझं गणित. विचार.”

वहिनी बाईंकडे वळली. “तीनदाच का?” ती म्हणाली. “पाचदा का नाही? मी आमच्या कामात ते नियम म्हणून पाळते. तीन वाचनं. पण मला नेहमी वाटतं, तुम्हाला काहीतरी माहीत होतं.”

बाईंनी पाकीट खाली ठेवलं.

“हवा,” त्या म्हणाल्या.

“हवा?”

“पोशाखाचं डोकं बसवलं की आत हवा चार मिनिटं पुरायची. डोक्यातला दिवा तापायचा, तो वेगळाच. लेखकाने लिहिलं होतं, ठोकळ्या पुन्हा पुन्हा मोजतो. पहिल्या दिवशी मी पाचदा मोजलं आणि चक्कर येऊन पडले. मग ठरलं, तीनदा. तेवढ्यात काय ते बघायचं, हात वर करायचा आणि पुढची जागा ह्यांच्या आवाजातल्या आकड्यासाठी सोडायची. मला चौथ्यांदा मोजायला आवडलं असतं हो. कामातली खोट दिसतेच की आपल्याला. पण श्वास संपला की जे हातात आहे ते सांगून टाकायचं.”

चोवीस वर्षं ज्याला ती शास्त्र समजत होती, ते एका ठेंगण्या बाईच्या फुप्फुसांचं माप होतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. उलट तिला हसू येत होतं, आणि त्या हसण्याच्या तळाशी आदराने भरून येत होतं. गुदमरत, घामाने निथळत, पत्र्याच्या आत अंधारात उभं राहून ही बाई देशभरातल्या पोरांना शांतपणा शिकवत होती. कुणाला श्वास ऐकू आला नव्हता. आकडा कधी चुकला नव्हता.

तिने पाकिटातून पत्र बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. “ह्यावर तुमची सही द्या. तुमच्या नावाची.”

बाईंनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. “मी सही करत नाही.”

“का?”

“तेव्हा करारच तसा होता. आत कोण आहे ते सांगायचं नाही, मुलांचा विरस होईल. नंतर कुणी विचारलं नाही. आता इतक्या वर्षांनी कशाला? काम माझं आहे, ते मला माहीत आहे. नाव घातलं की माणूस चव्हाट्यावर येतो. चुकलं तर बोट आपल्याकडे. आतमध्ये बरं असतं.”

“मीसुद्धा करत नाही,” वहिनी म्हणाली.

हे तिने कधी घरीही इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. मग बाकीचंही निघालं. साहेब, कागद, सहा वर्षं, उद्याचा सोमवार, तीनशे किलोमीटरवरचा अधिकारी, खासगी वहीतली नऊ-नऊ वाचनं. मागची रांग पुढे झुकून ऐकत होती. दूर गेलेला खोकेवालाही परत येऊन उभा होता.

“नऊ?” बाई म्हणाल्या. “आणि नवव्यात काय निघतं?”

“पहिल्या तिनांत जे असतं तेच.”

“कधी वेगळं?”

“एकदा. तेव्हा चौथं चुकलं होतं.”

बाईंनी आवाजवाल्यांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते, पण त्यांचे ओठ मुडपलेले होते.

“अगं वहिनी,” डबल म्हणाली, आणि ह्या वेळी एकदाच म्हणाली, “तू आमच्या घरात दूधसुद्धा ऊन किती ते बोट न लावता सांगतेस.”

बाईंनी खिशातून हात काढले. टेबलावरच्या पेल्यातून एक काळं पेन निवडलं, टोपण उघडलं, रद्दी कागदावर टेकवून शाई उतरवली. पत्र आपल्यापुढे ओढलं. ‘तुझा, ठोकळ्या’च्या खाली जरा जागा होती. तिथे त्यांनी डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली. सरळ, एका दमात, बोटभर लांब. आणि पेन उचललं.

“मी दोरी बांधलीय,” त्या म्हणाल्या. “फोन आहे ना तुमच्याकडे? तुमच्या साहेबांना लावा. तुमचं तिकडे बोलून झालं की मी इथे अक्षरं वाळत घालते. तुम्ही नाही म्हणालात तर रेघ तशीच राहू दे. मला दोन्ही चालेल.”

वहिनी रेघेकडे बघत राहिली. तिच्यावर अजून काहीच नव्हतं. नाव किती लांब असेल, याचा अंदाज मात्र बाईंनी बांधला होता आणि नेहमीप्रमाणे थोडा जास्तच धरला होता.

तिने फोन काढला. चार वाजून वीस मिनिटं. हाताला घाम होता, बोट पडद्यावरून एकदा निसटलं, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा फोन लागला.

“साहेब रविवारी दुपारी झोपतात ना गं?” डबल कुजबुजली.

“झोपू दे,” आवाजवाले म्हणाले. “उठतील.”

पलीकडे पाच वेळा वाजलं. मग खाकरल्याचा आवाज आला, आणि झोपेतून उठलेले, जरा त्रासलेले साहेब म्हणाले, “हं, बोल. आणि विचार करतेय म्हणू नकोस.”

वहिनीने एक श्वास घेतला. बाईंच्या पेनाचं टोक रेघेच्या सुरुवातीला, कागदापासून केसभर वर थांबलेलं होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “उद्या कागद पाठवा. दाखल्यांवर सही मी करीन.”